गुरूच्या शवपेटीपाशी गायचं गाणं

गायिका व्हायचं कधी ठरवलं, असं कुणी विचारलं की अरिथा फ्रँकलिन एका अंत्यविधीची गोष्ट सांगायची. घरातली एक वडीलधारी बाई वारली होती. चर्चमध्ये गायला उभी राहिली क्लारा वॉर्ड, त्या काळातली नावाजलेली गॉस्पेल गायिका. गाणं होतं 'पीस इन द व्हॅली'. गाता गाता क्लाराला असं काही भरून आलं की तिनं डोक्यावरची हॅट खेचून काढली आणि जमिनीवर फेकली. बाकावर बसलेल्या छोट्या अरिथानं ते पाहिलं. आपणही हेच करायचं, हे तिथंच पक्कं झालं.

पुढे जगानं 'क्वीन ऑफ सोल' म्हणून डोक्यावर घेतलेल्या या बाईला तिची वाट दिसली ती कुणाच्या तरी शवपेटीसमोर. आधी मला हा योगायोग वाटला. पण अमेरिकेतल्या काळ्या चर्चांच्या संगीताचा इतिहास जसजसा वाचत गेलो, ऐकत गेलो, तसतसं दिसायला लागलं की ही परंपरा एका पिढीकडून दुसरीकडे जाते ती पुष्कळदा अशाच ठिकाणी. गुरू गेला की शिष्य त्याच्याजवळ उभा राहून गातो, बहुतेक वेळा गुरूचंच गाणं. आणि तो गात असताना मागच्या बाकावर कुणीतरी लहान मूल डोळे विस्फारून बसलेलं असतं.

यातलं एक गाणं तर असं आहे, की त्याच्या मागोमाग चालत गेलं तरी जवळजवळ शंभर वर्षांतली सगळी गुरुमंडळी वाटेत भेटतात.

क्लारानं हॅट फेकली ते गाणं थॉमस डॉर्सीचं, आणि मी म्हणतोय ते गाणंही त्याचंच. हा माणूस १८९९ साली जॉर्जियातल्या व्हिला रिका गावात जन्मला. वडील फिरते धर्मोपदेशक, आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. पोरगा मात्र ब्लूजकडे वळला. 'जॉर्जिया टॉम' या नावानं तो ब्लूज गायिका मा रेनीच्या ताफ्यात पियानो वाजवायचा. १९२८ मध्ये टॅम्पा रेडबरोबर त्यानं काढलेली 'इट्स टाइट लाइक दॅट' ही चावट रेकॉर्ड धडाक्यात खपली. हाच माणूस त्याच बोटांनी, त्याच ब्लूजच्या स्वरांनी देवाची गाणी रचायला लागला, तेव्हा शिकागोतल्या प्रतिष्ठित काळ्या चर्चांनी नाकं मुरडली. त्यालाही कारण होतं. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांवरून लाखो लोक उत्तरेच्या शहरांत येत होते, आणि आधी येऊन स्थिरावलेल्यांना आपल्या प्रार्थनेत युरोपीय शिस्तीचं समूहगान हवं होतं. मागे टाकून आलेल्या खेड्याचा आवाज त्यांना चर्चमध्ये नको होता. डॉर्सीनं नेमका तोच आवाज पुन्हा आत आणला.

१९३२ च्या ऑगस्टमध्ये डॉर्सी गाण्यासाठी सेंट लुईसला गेला होता. घरी बायको नेटी, दिवस भरलेली. कार्यक्रम चालू असतानाच व्यासपीठावर त्याच्या हातात तार आली. नेटी बाळंतपणात गेली होती. तो धावपळ करत शिकागोला पोहोचला. मुलगा झाला होता, पण तोही जगला नाही. मायलेकरांना एकाच शवपेटीत ठेवून पुरलं.

त्यानंतर काही दिवसांनी मित्र थिओडोर फ्राय त्याला पोरो कॉलेजच्या इमारतीतल्या एका संगीताच्या खोलीत घेऊन गेला. डॉर्सी पियानोपाशी बसला. बोटांखाली एक जुनी चाल आली, जॉर्ज अ‍ॅलननं १८४४ मध्ये बांधलेली, चर्चमध्ये सगळ्यांना पाठ असलेली. तिच्यावर नवे शब्द चढत गेले. फ्रायनं ऐकून एक शब्द बदलायला सुचवला, डॉर्सीनं बदलला. 'प्रेशस लॉर्ड' तयार झालं. लवकरच एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चमध्ये फ्राय ते गायला, डॉर्सी पियानोवर होता, आणि सगळं चर्च उभं राहिलं.

चाल साधी आहे. कुणीही दहा मिनिटांत शिकेल. थक्क व्हायला होतं ते तिचं पुढे काय केलं जातं ते ऐकून. गायक तिला इतकी विलंबित करतात की ताल जवळजवळ विरघळून जातो. एका अक्षरावर आवाज चढतो, घसरतो, खालच्या स्वराला नुसता स्पर्श करून परततो, थांबतो. दोन शब्दांच्या मधे पियानोला बोलायला जागा राहते. ही रीत डॉर्सीच्याही आधीची. गुलामीच्या काळात आणि त्यानंतरही वाचता येणारे थोडे, पुस्तकं त्याहून थोडी. म्हणून चर्चमधला एखादा वडीलधारा एक ओळ म्हणायचा आणि सगळी सभा ती ओळ संथपणे, वळणं घेत, प्रत्येकजण आपापल्या गतीनं गायची. आयझॅक वॉट्स या इंग्रज पद्यकाराच्या रचना अशा गायल्या जात, म्हणून त्या साऱ्या प्रकारालाच 'डॉक्टर वॉट्स' म्हणायची पद्धत पडली. डॉर्सीनं त्या संथपणात ब्लूजची सुरावट मिसळली. दुःखाचं जे गाणं रात्री गुत्त्यात चालायचं, तेच सकाळी प्रार्थनेत आलं, आणि लोकांना ते आपलं वाटलं.

डॉर्सीनं शिकवलं किती जणांना! शिकागोच्या पिल्ग्रिम बॅप्टिस्ट चर्चच्या गायकवृंदाची धुरा त्यानं १९३२ मध्येच घेतली. त्याच सुमारास सॅली मार्टिन, विली मे फोर्ड स्मिथ अशा तडफदार बायकांना बरोबर घेऊन त्यानं गॉस्पेल गायकवृंदांची राष्ट्रीय परिषद उभी केली. न्यू ऑर्लिन्सहून आलेली महेलिया जॅक्सन ही तरुण मुलगी त्याच्या नव्या गाण्यांची हिंडती-फिरती जाहिरात झाली. तिनं गावोगाव गाऊन दाखवायचं आणि लोकांनी गाण्याचे छापील कागद विकत घ्यायचे. आवाज पहाडासारखा, पण दम राखून कसं गायचं, हळू सुरुवात करून गाणं कसं चढवत न्यायचं, हे डॉर्सीनं तिला बसवून शिकवलं.

आणि त्याच पिल्ग्रिम चर्चमध्ये जेम्स क्लीव्हलँड नावाचा एक पोरगा होता. डॉर्सीच्या गायकवृंदात त्यानं आठव्या वर्षी एकट्यानं गाणं म्हटलं. त्याला वेड होतं ते रॉबर्टा मार्टिनच्या पियानोचं. घरी पियानो घ्यायची ऐपत नव्हती. मग हा पोरगा रात्री खिडकीच्या कट्ट्यावर बोटं चालवायचा. लाकडातल्या खाचा या काळ्या पट्ट्या, मधला सपाट भाग या पांढऱ्या. आवाज सगळा डोक्यात. शाळकरी वयात तो वर्तमानपत्रं टाकायचा आणि वाटेवर महेलिया जॅक्सनचं घर लागायचं. पेपर ठेवून तो दाराला कान लावून उभा राहायचा, आत ती गात असेल तर ऐकायला मिळावं म्हणून. मला ही दोन चित्रं फार मोलाची वाटतात, कारण हे संगीत कसं शिकलं जातं ते त्यांत अख्खं दिसतं.

इथे नोटेशनला फारसं महत्त्व नसतं. गायकवृंद शिकवणारा एकेका गटाला त्याची ओळ गाऊन दाखवतो, सोप्रानोंना त्यांची, आल्टोंना त्यांची, टेनरना त्यांची. समोरचे ती जशीच्या तशी उचलतात. कार्यक्रमात पुढे काय गायचं हे शिकवणाऱ्याच्या हातांवरून कळतं. मूठ, बोटं, तळव्याचं वळण. एखादी ओळ रंगली की तो तिलाच धरून ठेवतो, पुन्हा, पुन्हा, एक अर्धा स्वर वर चढवून पुन्हा. वृंद ठरलेलं गात राहतो, मुख्य गायक त्याच्यावर मनाला येईल ते बांधतो. कीर्तनात टाळकऱ्यांनी ध्रुपद लावून धरावं आणि बुवांनी त्याच्या आधारानं हवं तिकडे जाऊन यावं, तसंच हे. सगळं कानावरून कानात गेलेलं असल्यामुळे शिष्याच्या गळ्यात गुरूची जागा नेमकी ऐकू येते. श्वास कुठे घ्यायचा, कुठला शब्द खरखरीत ठेवायचा, कुठे गायचं सोडून नुसतं बोलायचं, हे कुठल्याच कागदावर नसतं. शिकवणारा गेला तरी ते ज्यांच्या गळ्यात उतरलंय त्यांच्याकडे राहतं.

ऑर्गनबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. लॉरेन्स हॅमंडनं १९३५ मध्ये विजेवर चालणारा ऑर्गन बाजारात आणला. आत ९१ धातूच्या चकत्या फिरतात. प्रत्येकीच्या कडेला ठरावीक उंचवटे, शेजारी चुंबक आणि तारेचं वेटोळं. चकती फिरली की वेटोळ्यात वीज डचमळते आणि त्या डचमळण्याचा सूर होतो. नळ्यांचा प्रचंड ऑर्गन ज्यांना परवडत नव्हता अशा चर्चांसाठी तो वरदान ठरला. शिकागोच्या फर्स्ट चर्च ऑफ डिलिव्हरन्समध्ये केनेथ मॉरिसनं १९३९ मध्ये तो गॉस्पेलमध्ये आणला. मग डॉन लेस्लीनं त्याला एक स्पीकर जोडला. त्यातला कर्णा गोल फिरतो, म्हणून सूर कानाजवळ येतो, लांब जातो, आणि येता-जाता उंचीला किंचित हलतो. अंत्यविधीला जो आवाज कुणाच्याही शब्दांआधी सभेत भरून राहतो तो हा. उपदेशक बोलत असतो तेव्हा ऑर्गनवाला त्याच्या वाक्यांच्या शेवटाला सुरांनी उत्तरं देतो. बोलणं कधी गाणं झालं हे कळतही नाही.

या समाजात अंत्यविधीला 'होमगोइंग' म्हणतात. माणूस देवाघरी निघाला, त्याला वाजतगाजत सोडायला जायचं, अशी त्यामागची श्रद्धा. गुलामीत जन्म गेलेल्यांना मरण म्हणजे पहिली सुटका वाटत असे, तिथून ती आली. पांढरे हातमोजे घातलेल्या बायका लोकांना जागा दाखवतात, कुणी शोकानं कोसळलं तर सावरतात. पुठ्ठ्याच्या पंख्यांनी वारा घेतला जातो, आणि त्या पंख्यांच्या पाठीवर वर्षानुवर्षं अंत्यविधीची सोय करणाऱ्या दुकानांचीच जाहिरात छापलेली असते. गावोगावच्या चर्चांनी धाडलेले दुखवट्याचे ठराव उभं राहून वाचले जातात. छापलेल्या पुस्तिकेत गेलेल्याचं आयुष्य असतं. शेवटी सगळ्यांनी मिळून जेवायचं. आणि गाणी, तासन् तास गाणी. रडू येतं, टाळ्याही पडतात, एकाच गाण्यात.

४ एप्रिल १९६८ च्या संध्याकाळी मेम्फिसच्या लॉरेन मोटेलच्या सज्जात उभे असलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांनी खाली थांबलेल्या बेन ब्रँच या वादकाला सांगितलं की आज रात्रीच्या सभेत 'प्रेशस लॉर्ड' वाजव, आणि सुरेख वाजव. क्षणात गोळी आली. पाच दिवसांनी अटलांटात त्यांच्या अंत्यविधीला ते गाणं महेलिया जॅक्सन गायली. किंग खचले की तिला फोन करायचे आणि ती फोनवरच गायची, इतकं त्यांचं नातं होतं.

तीन वर्षांनी, १९७१ मध्ये, महेलिया भारतात येऊन गेली. दिल्ली, कलकत्ता, मद्रास आणि मुंबईतही ती गायली. त्या मैफलींना गेलेल्यांचा मला मनापासून हेवा वाटतो. तिचं ते शेवटचं पूर्ण वर्ष होतं.

आता १९७२ च्या जानेवारीकडे बघू. हा महिना विलक्षण आहे. १३ आणि १४ तारखेला लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातल्या न्यू टेम्पल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये अरिथा फ्रँकलिन दोन रात्री गायली. पियानोवर, आणि सगळ्याचा सूत्रधार म्हणून, जेम्स क्लीव्हलँड. खिडकीच्या कट्ट्यावर पियानो शिकलेला तो पोरगा आता गॉस्पेलचा सम्राट होता. तो तरुणपणी डेट्रॉईटमध्ये अरिथाच्या वडिलांच्या चर्चमध्ये संगीत सांभाळायचा, तेव्हा लहानग्या अरिथाला पियानोवरचे कॉर्ड त्यानंच दाखवले होते. दुसऱ्या रात्री पुढच्या रांगेत क्लारा वॉर्ड येऊन बसली. शेजारी अरिथाचे वडील, रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन. जिनं वाट दाखवली ती, ज्यानं सूर दिले तो, ज्यानं चर्च दिलं तो, तिघंही एका छपराखाली.

या दोन रात्रींचं चित्रीकरण सिडनी पोलॅकनं केलं. पण शॉटच्या आधी क्लॅप द्यायचंच राहून गेलं, त्यामुळे चित्राला आवाज जुळवता येईना, आणि फिल्म कित्येक वर्षं डब्यांत पडून राहिली. ध्वनिमुद्रण मात्र 'अमेझिंग ग्रेस' नावानं त्याच वर्षी निघालं आणि प्रचंड गाजलं. चित्रपट लोकांसमोर आला तो २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये, अरिथा गेल्यावर तीन महिन्यांनी. मिळाला तर जरूर पाहा. 'अमेझिंग ग्रेस' चालू असताना क्लीव्हलँड पियानो सोडतो, बाजूला बसतो आणि रुमालात तोंड लपवून रडतो. ज्याला आपण शिकवलं त्याच्या गाण्यानं गुरूचा बांध फुटताना इतक्या जवळून मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. दुसऱ्या रात्री अरिथा पियानोवर बसून गात असताना वडील उठतात, तिच्यापाशी जातात आणि तिच्या चेहऱ्यावरचा घाम पुसतात. ती गाणं थांबवत नाही. त्याच दोन रात्रींत 'प्रेशस लॉर्ड'ही गायलं गेलं, कॅरोल किंगच्या 'यू हॅव गॉट अ फ्रेंड'बरोबर गुंफून.

यानंतर दोन आठवडेही झाले नाहीत, आणि २७ जानेवारीला महेलिया वारली. वय साठ. शिकागोत तिच्या दर्शनाला सुमारे ५०,००० माणसं रांगेत आली. अंत्यविधीला शेवटचं गाणं गायला उभी राहिली अरिथा, आणि गाणं तेच. चार वर्षांपूर्वी महेलिया जे किंग यांच्यासाठी गायली, ते आता महेलियासाठी. मग पुढच्या जानेवारीत, १९७३ मध्ये, क्लारा वॉर्ड गेली. तिच्यासाठीही अरिथा गायली, 'द डे इज पास्ट अँड गॉन' हे क्लारानंच गाजवलेलं जुन्या संथ वळणाचं गाणं. अरिथानं ते चौदाव्या वर्षी, आपल्या अगदी पहिल्या ध्वनिमुद्रणांमध्ये म्हटलं होतं. क्लारा समोर असताना तिच्याकडून उचललेलं ते गाणं तिनं तिच्याच निरोपाला म्हटलं.

त्याच जानेवारीत माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या अंत्यविधीला ऑपेरा गायिका लिओन्टिन प्राइसनं 'प्रेशस लॉर्ड' म्हटलं. चाळीस वर्षांपूर्वी ज्याला चर्चमध्ये उभं करत नव्हते त्याचं गाणं आता वॉशिंग्टनच्या शासकीय अंत्ययात्रेत होतं.

यात एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. डॉर्सी हे सगळं होत असताना जिवंत होता. रॉबर्टा मार्टिन १९६९ मध्ये गेली. महेलिया गेली. क्लारा गेली. १९९१ च्या फेब्रुवारीत जेम्स क्लीव्हलँड गेला, डॉर्सीच्याच गायकवृंदात आठव्या वर्षी गायलेला मुलगा, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी. डॉर्सी त्याच्यानंतर जवळपास दोन वर्षं होता. २३ जानेवारी १९९३ ला, त्र्याण्णव वर्षांचा होऊन तो शिकागोत वारला. बायकोच्या आणि तान्ह्या मुलाच्या मरणातून त्यानं जे गाणं काढलं, ते आपल्या शिष्यांच्या मरणात पुन्हा पुन्हा गायलं गेलेलं त्याला बघावं लागलं.

पण त्यालाही जिवंतपणी मान मिळाला, याचं मला बरं वाटतं. फुलं वाहायची तर वास घेता येतोय तोवर वाहा, असं ही मंडळी म्हणतात. १९८२ च्या 'से आमेन, समबडी' या माहितीपटात म्हातारा डॉर्सी स्वतः त्या तारेची गोष्ट सांगतो. विली मे फोर्ड स्मिथ आणि सॅली मार्टिनही त्यात आहेत, आणि त्यांच्याभोवती त्यांच्याकडून शिकलेली माणसं. अंत्यविधीला जे बोललं आणि गायलं जातं ते इथे त्यांच्या तोंडावर बोललं आणि गायलं जातं, आणि म्हातारी माणसं ते ऐकून गालात हसतात.

१६ ऑगस्ट २०१८ ला डेट्रॉईटमध्ये अरिथा फ्रँकलिन गेली. ३१ तारखेला ग्रेटर ग्रेस टेंपलमधला तिचा निरोप सुमारे आठ तास चालला. तिला घेऊन आलेली १९४० सालची लासाल शववाहिका तीच होती जिच्यातून १९८४ मध्ये तिचे वडील गेले होते, आणि २००५ मध्ये नागरी हक्क चळवळीतल्या रोझा पार्क्स. स्टीव्ही वंडर होता, शर्ली सीझर होती, क्लार्क सिस्टर्स होत्या. आणि 'प्रेशस लॉर्ड' गायला आली फँटेजिया बॅरिनो, नॉर्थ कॅरोलिनात घरच्यांबरोबर चर्चमध्ये गात वाढलेली, टीव्हीवरच्या स्पर्धेनं देशाला माहीत झालेली. किंग यांच्यासाठी महेलिया, महेलियासाठी अरिथा, अरिथासाठी फँटेजिया. हा क्रम कुणी ठरवून लावलेला नाही. समोर जो पहुडला आहे त्याच्याकडून आलेलं गाणंच त्याला द्यायचं, एवढंच त्या लोकांना ठाऊक असतं.

डॉर्सीचं पिल्ग्रिम चर्च, मुळात १८९० च्या सुमारास ज्यूंचं प्रार्थनास्थळ म्हणून अ‍ॅडलर आणि सलिव्हन या वास्तुविशारदांनी उभारलेली ती देखणी वास्तू, जानेवारी २००६ मध्ये आगीत जळाली. उरल्या त्या बाहेरच्या भिंती. पण डॉर्सीनं सुरू केलेली गायकवृंदांची परिषद थांबली नाही. क्लीव्हलँडनं १९६० च्या दशकाच्या शेवटी डेट्रॉईटमध्ये उभी केलेली 'गॉस्पेल म्युझिक वर्कशॉप' त्याच्या मागे चालू राहिली. देशभरातून गाणारे तिथे जमतात, आल्टोंना आल्टोंची ओळ, टेनरना टेनरची, कानावरून कानात, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ती पाठ झालेली असते.